कोंबड्यांच्या घराभोवतीचे उंदीर : विषाशिवाय बंदोबस्त

मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनी बांधांतली बिळे पाण्याने भरली, की शेतातला उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतो. दुसऱ्यांदा तो येतो भाताची कापणी-मळणी उरकल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, शेते मोकळी पडली म्हणजे. या दोन्ही वेळी आपल्या परड्यात त्याला सर्वांत सोयीची वाटते ती कोंबड्यांची शेड. रात्रभर उघडे खाद्य, भांड्यांत पाणी, तुसाची ऊबदार गादी, वर कौलांखाली अंधार. उंदराला याहून आणखी काय हवे? मग रविवारची मिस्सा आटोपून लोक बाहेर आले, की ठरलेला प्रश्न कानी येतो : "यंदा उंदराला कोणते औषध घालावे?"

आपल्या बोलण्याची ही एक गंमतच आहे. ज्याने जीव जातो त्याला आपण औषध म्हणतो, आणि औषध म्हटले, की भीती निम्मी होते. मग ते पिठात कालवताना हाताला लागते आणि उरलेले पाकीट फडताळात मसाल्याच्या डब्याशेजारी राहते. म्हणून या लेखापुरते तरी आम्ही त्याला विषच म्हणणार आहोत. कोंबड्यांच्या घराजवळ ते का घालू नये, आणि त्यावाचून उंदीर कसे आटोक्यात येतात, एवढेच येथे सांगायचे आहे.

खेड्यापाड्यांतून फार चालते ती झिंक फॉस्फाइडची काळी पूड. उंदराच्या पोटात गेल्यावर तिच्यापासून फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि त्याने उंदीर मरतो. हाच वायू कोंबडीच्या, कुत्र्याच्या आणि माणसाच्या पोटातही तयार होतो, आणि त्याला नेमका असा उतारा आजही नाही. दुसरा प्रकार ब्रोमॅडिओलोनसारख्या विषांचा. यांनी रक्त गोठेनासे होते. यांवर उतारा आहे, व्हिटॅमिन के. परंतु उंदीर मरायला काही दिवस जातात आणि तेवढ्यात तो सुस्त होऊन उघड्यावर हिंडू लागतो. त्याला मांजर उचलते, घुबड उचलते, आणि ते विष त्यांच्याही अंगात जाते. म्हणजे जे आपले काम फुकट करीत होते त्यांनाच आपण मारतो.

कोंबड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उंदीर आमिष जागच्या जागी खातोच असे नाही. ते तोंडात धरून तो आडोशाला नेतो आणि वाटेत टाकतोही. शेडबाहेर ठेवलेली गोळी सकाळी गादीवर सापडते, आणि कोंबडी दिसेल त्यावर चोच मारणारच. पुन्हा मेलेला उंदीर भिंतीत नाहीतर कौलांत कुजला, की त्यात अळ्या पडतात. कुजक्या मढ्यातल्या अशा अळ्या खाऊन कोंबड्यांच्या माना लुळ्या पडतात. जनावरांचे डॉक्टर याला बोटुलिझम म्हणतात. हा रोग सुरू झाला, की चार-दोन दिवसांत बरीच पाखरे हातची जातात.

आमच्या पाहण्यातील एका घरची हकीकत सांगतो. घर खानापूरच्या बाजूचे. अंड्यांवरच्या दीडशे कोंबड्या, गादी पद्धतीची कौलारू शेड. अंड्यांच्या पैशांतून दोन मुलींच्या शिक्षणाचा खर्च निघत असे. एका पावसाळ्यात उंदीर फार झाले म्हणून घरधन्याने भज्यांत विष घालून ती शेडच्या मागच्या भिंतीलगत ठेवली. सकाळी चार उंदीर मेलेले सापडले, आणि शेडमध्ये अकरा कोंबड्या. दुपारपर्यंत राखणीचा कुत्राही गेला. आठवडाभर उंदीर दिसले नाहीत. नंतर पुन्हा पहिल्यासारखे झाले, आणि आता ते भज्यांना तोंडही लावीनात. यात नवल नाही. उंदीर नवीन पदार्थ आधी थोडासाच चाखतो. त्याने पोटात दुखले आणि तरी जीव वाचला, तर तो तसल्या आमिषाच्या वाटेला पुन्हा बराच काळ जात नाही. त्या घरी पुढे विष न घालता काय केले ते ओघाने येईलच.

याच ठिकाणी संत मार्टिन दे पोरेस यांची आठवण होते. १५७९ साली पेरू देशातील लिमा शहरी जन्मलेले हे डोमिनिकन ब्रदर मठाचे दवाखान्याचे काम पाहत. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ साली त्यांना संतपद दिले. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. त्यांच्याविषयी आख्यायिका अशी, की मठातले कपडे उंदीर कुरतडत होते म्हणून त्यांना विष घालायचे ठरले. मार्टिन यांनी एका उंदराला धरून समजावले, की सर्वांनी मठ सोडून बागेत जावे, तेथे आपण रोज खायला आणून देऊ. आणि उंदीर खरोखरच गेले. आपल्याला अशी उंदरांशी बोलणी करता येत नाहीत. पण ब्रदर मार्टिन यांनी नेमकी खूणगाठ धरली होती असे आम्हांला वाटते. उंदीर असतो तो खाण्यासाठी आणि आडोशासाठी. ही दोन्ही हलली, की तोही हलतो.

उंदीर किती खातो?

मोठा उंदीर रात्रीत २० ते ३० ग्रॅम धान्य खातो. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे चार-पाच उंदीर एका कोंबडीचा वाटा नेतात, आणि त्यांच्याकडून अंडे काही मिळत नाही. वर सांगितलेल्या घरी शेवटी अडतीस उंदीर निघाले. त्यांचा हिशेब रोज जवळजवळ एक किलोचा होतो. महिन्याला २८ किलोंच्या आसपास, म्हणजे ५० किलोंच्या पोत्यातले अर्ध्याहून जास्त. हे झाले नुसते खाल्लेले. मुतून आणि लेंड्या टाकून नासवलेले वेगळे, कुरतडलेल्या पोत्यांतून सांडलेले वेगळे. शिवाय उंदीर पिल्ले ओढतो, अंडी फोडतो, आणि रात्री शेडमध्ये धावाधाव झाली, की कोंबड्या बिथरून कोपऱ्यात एकमेकींवर चढतात व अंडी घटतात. पिल्लांच्या ऊबेसाठी दिवा लावणाऱ्यांनी वायरी तपासाव्यात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ते झिजवायला तो सतत काहीतरी कुरतडतो. त्याला वायर आणि सुंभ सारखेच.

(एक उंदीर अंडे कवटाळून उताणा पडतो आणि दुसरा त्याला शेपटीला धरून ओढतो, असे गावोगाव सांगतात. आम्ही कधी पाहिले नाही. अंडे ढकलत नेताना मात्र पाहिले आहे.)

वाढ तर विचारूच नये. मादी सुमारे तीन आठवडे गाभण राहते, एका वेताला सहा-आठ पिल्ले घालते, आणि ती पिल्ले तीन महिन्यांच्या आत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणून निम्मे उंदीर मारून थांबणे म्हणजे उरलेल्या निम्म्यांना मोकळी जागा आणि भरपूर खाद्य देणे होय. काम थोड्या दिवसांत आणि पुरते करायला हवे.

आधी ओळख पटवावी

कौलांत, वाशांवर, माळ्यावर पळतो तो काळा घरउंदीर. तो चढण्यात पटाईत. जमिनीत मोठी बिळे पाडून तोंडाशी मातीचे ढीग टाकते ती घूस. ती पाया पोखरते आणि बिळात धान्याचा साठाही करते. गादीत आणि पोत्यांच्या थप्पीत राहणारा लहान घरउंदीर वेगळा. चिचुंद्री ही उंदरांत धरू नये. ती मुख्यतः किडे खाते.

ही पाहणी दोन साध्या रीतींनी होते. संध्याकाळी शेडभोवतालची सगळी बिळे ओल्या मातीने बुजवावीत. सकाळी जेवढी उकरलेली दिसतील तेवढी वापरातली. आणि भिंतीच्या कडेने हातभर रुंद चुलीची चाळलेली राख पसरावी. सकाळी पावले आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. उंदीर मोकळ्यातून चालत नाही. मिशा भिंतीला लावून कडेकडेनेच जातो, आणि रोज त्याच वाटेने. भिंतीवर जमिनीलगत तेलकट काळपट पट्टा दिसला, तर ती त्याची जुनी वहिवाट समजावी.

आधी सापळे, मग सफाई, शेवटी बुजवणी

हा क्रम आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण बहुतेक लोक उत्साहाच्या भरात उलटा करतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळे सरपण हलवतात, गंजी मोडतात, भोके लिंपतात, आणि बेघर झालेले उंदीर त्याच रात्री स्वयंपाकघरात शिरतात.

पहिल्या संध्याकाळपासून एकच गोष्ट सुरू करावी : दिवस मावळला, की खाद्याची भांडी उचलावीत. कोंबडी अंधारात खात नाही, तेव्हा तिची उपासमार होत नाही. अंड्यांसाठी दिवा लावत असाल तर दिवा मालवल्यावर उचलावीत आणि पहाटे दिवा लावण्यापूर्वी परत ठेवावीत. पाणी मात्र सकाळी लवकर मिळाले पाहिजे. खाली सांडलेले खाद्य झाडून घ्यावे. आता उंदराला भूक लागेल, आणि भुकेला उंदीरच सापळ्याकडे येतो.

सापळ्यांचे दोन प्रकार सगळीकडे मिळतात. एक जिवंत धरणारा तारेचा पिंजरा, दुसरा लाकडी फळीवरचा स्प्रिंगचा खटका. चिकट गोंदाचे पुठ्ठे मिळतात ते घेऊ नयेत. उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो, आणि पिल्लू किंवा चिमणी चिकटली तर तिचेही तेच होते. खटके असतील तर उत्तम, कारण चांगल्या खटक्याने उंदीर क्षणात मरतो. पण कोंबडीचा पाय त्यात सापडू नये म्हणून खटका कधी उघडा ठेवू नये. जुन्या फळ्यांची लांबट पेटी करावी, दोन्ही टोकांना अडीच-तीन इंचांचे भोक ठेवावे, खटका आत ठेवावा आणि झाकण तारेने बांधावे. उंदराला अशी अंधारी बोगद्यासारखी वाट आवडतेच. पेटी भिंतीला चिकटवून ठेवावी. नुसता खटका शेडबाहेर ठेवलात तर आमिषाची बाजू भिंतीकडे असावी.

आता मुख्य गोष्ट. उंदीर ओळखीच्या जागेत नवीन वस्तू दिसली, की दोन-तीन रात्री तिच्यापासून दूर राहतो. म्हणून पहिल्या तीन रात्री खटके न चढवता त्यांवर नुसते आमिष ठेवावे. त्याला फुकट खाऊ द्यावे. चौथ्या रात्री सर्व खटके एकदम चढवावेत. एक सापळा महिनाभर लावण्यापेक्षा चौदा-पंधरा सापळे पाच-सहा रात्री लावणे कितीतरी फायद्याचे. एवढे सापळे एका घरात नसतात. शेजाऱ्यांकडून मागून आणावेत आणि मग त्यांनाही द्यावेत. आमिष म्हणून खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, तेल लावलेली भाकरी, शेंगदाणे किंवा सुका बोंबील चालतो. ज्या शेडमध्ये धान्याची चंगळ आहे तेथे वासाचा सुका मासा धान्यापेक्षा जास्त ओढतो, असा आमचा अनुभव आहे. आमिष खटक्याला दोऱ्याने बांधावे, नाहीतर हुशार उंदीर अलगद पळवतो.

वर सांगितलेल्या घरी चौदा सापळे जमवले. बिळे मोजली ती तेवीस वाहती निघाली. पहिल्या रात्री तेरा उंदीर सापडले, दुसऱ्या रात्री दहा, मग सात, पाच, दोन, आणि सहाव्या रात्री एक. एकूण अडतीस. यात तीन घुशी होत्या. त्या पिंजऱ्यात सापडल्या.

पिंजऱ्यात जिवंत सापडलेल्याचे काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. पाण्यात बुडवून मारणे हे लांबलेले मरण आहे, ते टाळावे. जाड पोत्यात उतरवून एका घावात काम संपवावे. ज्याच्याने हे होत नाही त्याने खटकेच वापरावेत. ओढ्यापलीकडे नेऊन सोडण्याचीही चाल आहे. ओढ्यापलीकडे कोणाचे शेत आहे याचा मात्र विचार व्हावा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ही रीत नव्हे.

सापळे रिकामे राहू लागले, की दुसऱ्या दिवशी सरपण, शेणींची रास, पिंजराची गंजी, जुनी कौले, फुटके पिंप हे सगळे शेडपासून दूर न्यावे. शेडभोवती निदान तीन फुटांचा पट्टा स्वच्छ, झाडलेला आणि उघडा ठेवावा. जमल्यास त्यात अर्धा फूट जाड खडी भरावी. सुट्या खडीत बीळ टिकत नाही. छपरावर आलेल्या फांद्या तोडाव्यात. काळा उंदीर तीन-चार फुटांची उडी सहज मारतो.

आणि मग भोके. मोठा उंदीर पाऊण इंचाच्या फटीतून जातो, लहान घरउंदीर पाव इंचाच्या फटीतून. आपण लावतो ती षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवीत नाही. तिच्या आतून खालचे तीन फूट अर्धा इंच चौकोनी घरांची वेल्ड केलेली जाळी लावावी. लहान उंदरांचा उपद्रव असेल तर पाव इंचाची. घूस येत असेल तर तीच जाळी जमिनीत दीड फूट पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला अर्धा फूट वळवावी. घूस भिंतीलगत उकरत येते, जाळीवर आपटते आणि मागे जाते. चिऱ्याच्या भिंतीतली भोके नुसत्या मातीने लिंपू नयेत. फुटक्या काचा किंवा तारेचा गोळा आत कोंबून सिमेंट भरावे. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकावी. खांबावरून चढत असतील तर खांबाला तीन फूट उंचीवर फूटभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. एवढी जाळी एका वेळी परवडत नाही हे आम्हांला ठाऊक आहे. तसे असेल तर आधी पिल्लांची खोली आणि खाद्याची खोली करावी. बाकी पुढच्या हंगामाला.

खाद्याची पोती जमिनीवर थापू नयेत. फळ्यांची एक फूट उंच मांडणी करून भिंतीपासून एक फूट सोडून ती ठेवावीत, म्हणजे मागे आणि खाली झाडू जातो. उघडलेले पोते झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ओतावे. प्लास्टिकचे पिंप उंदीर कुरतडतो. खाद्याची भांडी कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगावीत आणि एक तृतीयांशच भरावीत. काठोकाठ भरली, की कोंबडी उधळते. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नये. दोन फुटांच्या खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

मांजर, घुबड, साप

"मांजर पाळले तर नाही का चालणार?" असे बायका विचारतात. चालेल, पण उंदीर कमी झाल्यावर. इंग्लंडातील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५३ साली शेतघरांवरील मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की उंदरांनी भरलेली जागा मांजरे रिकामी करू शकत नाहीत. परंतु एकदा रिकामी केलेली जागा ती राखू शकतात. आणि मांजर जागेवर टिकावे म्हणून त्याला रोज थोडे दूध द्यावे लागे. मांजर उपाशी ठेवले, की चांगली शिकार करते, ही समजूत म्हणून सोडून द्यावी. उपाशी मांजर शिकारीला शेजारी जाते. आणि ते पिल्लांच्या खोलीत शिरणार नाही एवढे पाहावे.

गव्हाणी घुबडाला आपल्याकडे अशुभ मानून दगड मारतात. हे पांढऱ्या तोंडाचे घुबड जुन्या वाड्यांत, चर्चच्या घंटाघरात राहते आणि मुख्यतः उंदरांवर जगते. पिल्ले असताना जोडी रात्रभर उंदीर वाहत असते. पवित्र भूमीत बेथशान म्हणून गाव आहे, ज्याच्या तटावर पलिष्ट्यांनी शौल राजाचे प्रेत टांगले होते. त्या बेतशआन खोऱ्यात स्दे एलियाहू येथील शेतकऱ्यांनी १९८३ पासून शेतात या घुबडांसाठी लाकडी पेट्या लावल्या आणि उंदरांच्या विषाचा वापर कमी केला. २००२ मध्ये शेजारच्या जॉर्डनमधले शेतकरीही त्यात सामील झाले. आपल्याला पेट्या नाही लावता आल्या तरी आहे ते घुबड राहू द्यावे.

सापाचे दोन्ही बाजूंनी आहे. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी. तिला मारण्याचे कारण नाही. पण उंदरांच्या मागावर नाग आणि घोणसही येतात, आणि बिळे आयतीच मिळतात. अंडी गोळा करायला संध्याकाळी हात घालणारी बहुधा घरातली बाई किंवा मूल असते. शेडमध्ये उंदीर न राहण्याचे हे कारण आम्हांला खाद्याच्या हिशेबापेक्षा मोठे वाटते. बॅटरी घेतल्याशिवाय आणि आत पाहिल्याशिवाय अंड्यांच्या खोक्यात हात घालू नये.

गिरिपुष्पाविषयी एक शब्द. त्याला उंदीरमारी म्हणतात म्हणून कुंपणाला लावले, की उंदीर येत नाहीत असा समज आहे. मध्य अमेरिकेत या झाडाची साल आणि बिया धान्यात मिसळून उंदरांना घालीत, त्यावरून ते नाव. म्हणजे तेही विषच. कुंपण म्हणून आणि हिरवळीचे खत म्हणून ते झाड चांगले आहे, एवढेच.

आपले आरोग्य

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात, आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून, डोळ्या-तोंडातून माणसाच्या अंगात शिरतात. गोवा-कोकणात पावसाळ्यात या तापाचे रोगी दर वर्षी आढळतात. अचानक जोराचा ताप, पोटऱ्या आणि कंबर विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे ही सुरुवात. पुढे कावीळ होऊन मूत्रपिंडे बिघडू शकतात. सुरुवातीलाच औषध मिळाले तर हा रोग साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणून पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना "आमच्याकडे कोंबड्या आहेत, शेडमध्ये उंदीर आहेत, मी चिखलात काम करतो" हे आपण होऊन सांगावे. न विचारता सांगितलेली ही माहिती फार उपयोगी पडते. शेड साफ करताना गमबूट घालावेत, जखम झाकावी, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून उचलावा आणि खोल पुरावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, आधी फिनेलचे पाणी शिंपडावे. तडकलेली किंवा लेंड्यांनी माखलेली अंडी विकू नयेत, कच्ची तर खाऊच नयेत.

एक गोष्ट जुन्या माणसांना ठाऊक असे, नव्यांना नाही. विष न घालता घरात किंवा वाड्यात एकाएकी बरेच उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढे आपल्या बेळगाव-धारवाडकडेही पोचला, तेव्हा उंदीर पडू लागले, की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालीत. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की मेलेल्या उंदराला सोडून निघालेल्या पिसवा हा रोग माणसात आणतात. वांद्र्याला त्या साथीच्या काळात ख्रिस्ती लोकांनी उभारलेले क्रूस आजही रस्त्याकडेला दिसतात. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पलिष्टी लोक कराराच्या कोशाबरोबर सोन्याच्या गाठी आणि सोन्याचे उंदीर पाठवतात, ते वाचताना अनेकांना हाच रोग आठवतो. आज प्लेगवर औषधे आहेत, पण १९९४ साली सुरतेला काय गोंधळ उडाला ते पुष्कळांच्या स्मरणात असेल.

वाड्याने मिळून

उंदराला गट नंबर ठाऊक नसतो. एका घराने सगळे केले आणि शेजारच्या दोन घरांनी काहीच केले नाही, तर तीन महिन्यांत जैसे थे. म्हणून लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि वाड्यातल्या सर्व घरांनी, मग ती कोणत्याही धर्माची असोत, एकाच आठवड्यात सापळे लावावेत. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि कापणीनंतरचा डिसेंबरातला आठवडा या दोन वेळा आम्हांला योग्य वाटतात. भाताचे बांध एक फुटाहून अरुंद ठेवले, तर घुशींना बिळे करायला जागा राहत नाही. तेही याच बैठकीत ठरवता येईल.

खानापूरकडच्या त्या घरी आता दोन पेट्या बारा महिने भिंतीला लावलेल्या असतात. थोरली मुलगी दर शनिवारी संध्याकाळी राख पसरते आणि रविवारी मिस्सेला निघण्यापूर्वी पाहून घेते. पावले दिसली, की तेथे आणखी चार खटके लागतात. मेलेल्या कोंबड्यांची भरपाई व्हायला त्यांना वर्ष लागले.

ज्यांच्याकडे जुन्या विषाचे पाकीट पडून आहे त्यांनी ते विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, जाळूही नये. मूळ पाकिटातच, कुलपात आणि स्वयंपाकघराबाहेर कोरड्या जागी ठेवून रैत संपर्क केंद्रात किंवा तालुक्याच्या शेती खात्यात त्याची विल्हेवाट कशी लावावी ते विचारावे. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर तूप, तेल, मिठाचे पाणी असे घरगुती काही न देता, पाकीट हातात घेऊन, तडक मोठा दवाखाना गाठावा.